मदत हवी आहे: ऑडी टीटी, २०१२ची केए-२२ घेऊ की २०१६ची एमएच-०९?

नमस्कार मंडळी. बेळगावचा आहे. उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे, हायड्रॉलिक व्हाल्व्हचे स्पूल, म्हणजे आतले सरकते दांडे, करतो. एका गाडीसाठी नऊ वर्षं पैसे बाजूला टाकत आलोय. आता दोन गाड्यांपाशी येऊन अडलोय, आणि आठ दिवसांत कुणाला तरी एकाला हो म्हणायचंय.

पहिली दुसऱ्या पिढीची टीटी, २०१२ची, बेळगावातलीच. २.० टीएफएसआय (टर्बो पेट्रोल), २११ पीएस, क्वाट्रो म्हणजे चारही चाकांना ताकद. रनिंग ४६,०००, एकच मालक. साडेचौदा लाख सांगतायत. फाईल जाडजूड, प्रत्येक ऑइल बदलाची पावती तारखेनिशी लावलेली.

दुसरी तिसऱ्या पिढीची, २०१६ची, कोल्हापूर पासिंग. २३० पीएस, रनिंग ३८,०००, दुसरा मालक, सत्तावीस लाख. रंग, सीट, टायर, कुठेच बोट ठेवायला जागा नाही. पण २०१९ नंतरची एकही पावती नाही. विचारलं तर म्हणाले, "गाडी फिरलीच नाही, सर्व्हिस कशाची करायची?" हे मला पटलेलं नाही. उभ्या गाडीतलंही तेल जुनं होतंच की.

टीटीच का, असं घरातल्यांनीही विचारलं. वडील इंडालमध्ये, म्हणजे इंडियन अ‍ॅल्युमिनियम कंपनीत होते, घरात अ‍ॅल्युमिनियमच्या गोष्टी ऐकतच वाढलो. दुसऱ्या पिढीच्या टीटीचा सांगाडा ६९ टक्के अ‍ॅल्युमिनियमचा, मागचा भाग वजनाचा तोल राखायला पोलादाचा. हे वाचलं त्या दिवसापासून ही गाडी डोक्यातून गेली नाही. २०२३च्या नोव्हेंबरात हंगेरीतल्या ग्योर कारखान्यात शेवटची टीटी बनली. आता जे मिळेल ते वापरलेलंच.

दोन्ही चालवून बघितल्या. नवी नक्कीच चपळ आहे, ३७० न्यूटन-मीटरचा जोर खालपासूनच येतो. चालकासमोरचा १२.३ इंची पडदा बघत राहावा असा. पण मध्ये दुसरा पडदाच नाही. बायको शेजारी बसून म्हणाली, "मग नकाशा मला कुठं दिसणार?" जुनीत स्टिअरिंग हातात भरतं, बटणं बघावी लागत नाहीत. मन जुनीकडे जातंय, पण वयाची भीती वाटते.

माझा नेहमीचा रस्ता जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. महिन्यातून दोनदा गोव्याला कामासाठी जातो. पावसाळ्यात कणकुंबीत काय पाऊस असतो ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून चारही चाकांना ताकद हवीच.

खरी काळजी तेलाची आहे. सहा गिअरच्या एस ट्रॉनिकचे, म्हणजे ऑडीच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे, क्लच तेलात चालतात, ते तेल आणि फिल्टर ६०,००० किमीला बदलायचं. त्याच्या मेकॅट्रॉनिकमधले (गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटमधले) व्हाल्व्ह म्हणजे माझ्याच धंद्यातली वस्तू. घाण तेलात स्पूल कसा अडकतो ते मी रोज बघतो. म्हणूनच ती जाड फाईल मला एवढी मोलाची वाटते. पण दुसऱ्या पिढीतलं हे इंजिन तेल पितं आणि टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) दगा देतो, हेही सगळीकडे वाचलंय. ते कसं तपासायचं? आणि एमएच गाडी केए करायला खरंच किती पडतं? मेव्हणा म्हणतो, मावशीच्या पत्त्यावर कोल्हापूर पासिंगच राहू दे. मला ते करायचं नाही. गाडी बेळगावात राहणार तर पासिंगही बेळगावचंच.

खानापूरकर:
दादा, आधी जुनीचं बघूया. गाडी रात्रभर उभी असू दे आणि सकाळचा पहिला स्टार्ट तुमच्यासमोर होऊ दे. पहिल्या दोनतीन सेकंदांत पुढून खडखड आली तर टेन्शनर आणि चेनचं काम समोर आहे असं धरा. टेन्शनर नंतर सुधारून आला, तो बसवलाय का ते फाईलमध्ये शोधा. आवाज नसला तरी स्कॅनर लावून कॅमशाफ्टची आकडेवारी काढाच, चेन किती ताणलीय ते त्यातनं कळतं. तेल पिण्याचं मूळ पिस्टनच्या ऑइल रिंगांत. फाईलमध्ये दोन सर्व्हिसच्या मध्ये टॉप-अप किती वेळा लिहिलाय ते मोजा. दर हजार किमीला अर्धा लिटर जात असेल तर किमतीवर बोलू नका, सोडून द्या. इंजेक्शन थेट सिलिंडरमध्ये असल्यामुळे इनटेक व्हाल्व्हवर कार्बन साचतो. कधी साफ केला तेही विचारा.

नवीत इंजिन सुधारलंय, पण वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर गळतं. कूलंटची पातळी बघा, सुकलेला डाग शोधा. आणि तुमच्या पावसासाठी सगळ्यात महत्त्वाचं हॅल्डेक्स. मागच्या चाकांना ताकद देणारं तेच. तिसऱ्या पिढीच्या टीटीत त्याच्या पंपाला बदलायचा फिल्टर नाही, नुसती बारीक जाळी. क्लचचा गाळ जाळीत बसतो, पंप जोर लावून लावून जळतो, आणि क्वाट्रो नावापुरती उरते. साधारण तीन वर्षांनी तेल बदलायचं, त्या वेळी पंप काढून जाळी धुवायची. २०१९ नंतर पावतीच नाही म्हणजे हे झालेलं नाही असंच समजा.

निपाणीकर:
मी एक एमएच-०९ गाडी केए-२३ वर आणलीय. आधी कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना हरकत), म्हणजे फॉर्म २८. कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५. मग इकडे गाडी दाखवून तपासणी, नवीन नंबर. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली की नंबर बदलणं कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळं मेव्हण्याचं ऐकू नका हेच बरोबर.

खर्च मोठा आहे ओ. वीस लाखांवरच्या गाडीला कर्नाटकात लाइफटाइम टॅक्स १८ टक्के, त्यावर उपकर. धरतात गाडी नवी असतानाची मूळ किंमत, तुम्ही दिलेली नव्हे. गाडीच्या वयानुसार सूट मिळते, तरी ६० लाखांच्या घरातल्या गाडीला काही लाख जाणारच. महाराष्ट्राकडं भरलेल्या टॅक्सच्या परताव्याचा अर्ज वेगळा करायचा. तो पैसा हातात आल्याशिवाय हिशेबात धरू नका. म्हणजे सत्तावीसची गाडी तुम्हाला सत्तावीसला पडत नाही.

जुनीचंही एक सांगतो. २०१२ची म्हणजे २०२७ला पंधरा वर्षं पुरी. पुढं पाच वर्षांचं नूतनीकरण, आणि आयात केलेल्या चारचाकीला त्याचं शुल्क ४०,००० रुपये आहे. टीटी अख्खी बाहेरूनच आलेली, तेव्हा तेवढे बाजूला ठेवा.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री फाईल घेऊन बसलो. एवढ्या वर्षांत टॉप-अप चारदाच, आणि दोन सर्व्हिसच्या मध्ये कधीच एक लिटरच्या वर नाही. हॅल्डेक्सचं तेल आणि फिल्टर दोनदा बदललाय. टेन्शनरचा मात्र कुठेच उल्लेख नाही, तेवढं एक कोडं आहे.

कोल्हापूरच्या मालकांना फोन केला. गाडी लिफ्टवर घेऊन हॅल्डेक्सचा पंप उघडून बघू द्या, खर्च माझा, असं म्हटलं. विचार करून सांगतो म्हणाले. त्याला तीन दिवस झाले.

जुनीच्या मालकांना विनंती केलीय की शुक्रवारी दुपारनंतर गाडी सुरू करू नका. शनिवारी पहाटे सहाला पहिला स्टार्ट. कॅमशाफ्टचे आकडे काढता येतील असा स्कॅनर बेळगावात कुणाकडे असेल तर प्लीज कळवा. आरपीडी क्रॉसला पावणेसहाला भेटूया, तिथून गाडी पाच मिनिटांवर आहे.