घरचा ज्यूसर : कोणासाठी घेतलात, कोणता घेतलात? (अनुभव धागा)

सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. गेल्या महिन्यात वरचे सगळे दात काढावे लागले, कवळी बसायला अजून दीड-दोन महिने आहेत. त्यात अठरा वर्षांचा मधुमेह. सफरचंद, पेरू, गाजर सगळं बंद झालंय आणि मऊ भात खाऊन त्या अगदी कंटाळल्यात. नणंद म्हणते कोल्ड प्रेस घे. शेजारच्या काकू म्हणतात, मिक्सरबरोबर आलेलं ज्यूसचं भांडं पुरे. दुकानात तीन प्रकार पाहिले, किमती तीन हजारांपासून वीस हजारांपर्यंत. ज्यांनी घरात कोणाच्या पथ्यासाठी ज्यूसर घेतलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. कोणासाठी, कसला रस, धुवायला किती वेळ, आणि वर्षभरानंतर यंत्र ओट्यावर आहे की माळ्यावर?

पुण्याहून

आमच्याकडे दोन प्रकार होऊन गेले. आधीचा जाळीचा, मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेणारा. गाजर, बीट, सफरचंद यांना झकास, पण फेस बोटभर येतो आणि पालक किंवा गव्हांकुर टाकले की तसेच उडून चोथ्यात जातात. आईला गव्हांकुरांचाच रस हवा होता म्हणून स्लो ज्यूसर, म्हणजेच कोल्ड प्रेस, घेतला. त्यातला मळसूत्रासारखा दांडा मिनिटाला ४० ते ८० फेरे घेतो, रस पिळून काढतो. एक किलो गाजरांचा जुन्यात साधारण ४०० मिली निघायचा, यात ५०० च्या आसपास निघतो.

दुकानदार सांगतो की जोरात फिरणाऱ्या यंत्राच्या उष्णतेने जीवनसत्त्वं नष्ट होतात. त्यावर वीस हजार घालवू नका. तो रस हाताला कोमटही लागत नाही. सी जीवनसत्त्व कमी होतं ते मुख्यतः हवा लागल्यामुळे आणि रस काढून ठेवल्यामुळे. कुठल्याही यंत्राचा असो, काढल्यावर लगेच प्यावा.

धुणं: जाळी लगेच वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासली तर पाच मिनिटं. तासभर राहिली तर गाजराचे तंतू असे चिकटतात की भिजत घालावी लागते.

डोंबिवलीहून

मी स्वतः मधुमेही आहे, म्हणून ताई, तुम्हाला कळकळीने सांगतो. सकाळी तीन मोसंब्यांचा रस घ्यायचो, साखर न घालता. एकदा तासाभराने ग्लुकोमीटर लावला तर २१४. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी एक मोसंबी सोलून फोडी चावून खाल्ल्या, तर १५८. फळं तीनाची एक झाली हे खरंच, पण घोळ तिथेच आहे. तीन मोसंबी चावून खायला बसलो तर दुसरीलाच पोट भरतं, रसात तीन कधी गेली कळत नाही. शिवाय चोथा आपण फेकून देतो, साखरेला आवर घालणारे तंतू त्यातच असतात.

जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच पंगतीत बसवते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही रसापेक्षा अख्खं फळ खा असंच आहे. सासूबाईंना पिकलेली पपई चमच्याने द्या, सफरचंद वाफवून कुस्करून द्या, तेही बेताने. ज्यूसर लागणारच नाही कदाचित.

साताऱ्याहून

यंत्राबद्दल नाही लिहीत, दुधीबद्दल लिहिते. प्रत्येकाने वाचावं.

वडील हृदयासाठी रोज सकाळी दुधीचा रस घेत. एके दिवशी रस कडू लागला. औषध कडूच असायचं, म्हणून त्यांनी पेला संपवला. अर्ध्या तासात उलट्या, पोटात कळा, मग उलटीत रक्त. रक्तदाब इतका खाली गेला की तीन दिवस अतिदक्षता विभागात होते. वाचले. डॉक्टरांनी सांगितलं की दुधी, काकडी, दोडका या वेलींच्या फळांत कधी कधी कुकरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य खूप वाढतं. त्याचीच ती कडू चव, आणि त्यावर उतारा नाही. दिल्लीत असा रस पिऊन मृत्यू झाल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिनेही हेच सांगितलं: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, जरा जरी कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्या, आणि दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळू नका.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आवळा, कारलं, आलं घातलं की कडू चव झाकली जाते आणि सावध करणारी एकमेव खूण नाहीशी होते. मी आता दोन्ही टोकांचा आणि मधला असे तीन तुकडे चाखते. वडिलांनी रस सोडलाय, दुधीची भाजी खातात.

रत्नागिरीहून

आईच्या मूत्रपिंडाचा त्रास कळला त्याच महिन्यात भाच्याने प्रेमाने ज्यूसर पाठवला. आहारतज्ज्ञ बाईंनी तो वापरूच नका म्हणून सांगितलं. आईचं पोटॅशियम वाढलेलं. तिच्यासाठी भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी ओतून द्यायचं असतं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. कच्च्या भाजीच्या रसात ते सगळंच्या सगळं पेल्यात उतरतं. टोमॅटो, पालक, संत्रं, शहाळं सगळ्यावर बंधन आलं. पालकात ऑक्झलेटही भरपूर, ते मुतखडेवाल्यांनी लक्षात ठेवावं.

आणि आमच्याकडे परसात करमळ आहे, ज्याला कमरख किंवा स्टार फ्रूट म्हणतात. मूत्रपिंड कमजोर असलेल्याला ते फळ किंवा त्याचा रस थेट मेंदूला बाधतो: न थांबणारी उचकी, भ्रम, झटके. कोकणातल्या घरांत हे ठाऊक असायला हवं.

कोल्हापूरहून

सासऱ्यांना पक्षाघात झाल्यावर आम्ही घाईने चांगला महागाचा ज्यूसर आणला. पातळ रस दिला की ठसका लागायचा. गिळण्याची तपासणी झाल्यावर कळलं की पातळ पदार्थ श्वासनलिकेत जात होते, त्यातून न्यूमोनियाची भीती. त्यांना दाटच द्यायचं होतं. ते काम जुन्या मिक्सरने केलं. ज्यूसर भावजयीला दिला.

नागपूरहून

संत्र्या-मोसंबीसाठी विजेचं काही घेऊ नका. रसवाल्याकडे असतं तसं दांडा दाबायचं हातयंत्र आणा. मिक्सरमध्ये बिया भरडल्या जातात आणि रस कडू होतो. आमच्या संत्र्याचा रस तसाही ठेवला की तासाभरात कडवट होतो, कारण त्यातलं लिमोनिन नावाचं कडू द्रव्य नंतर तयार होतं. पिळा आणि प्या.

न्यू जर्सीहून

इथे ग्रेपफ्रूट (पपनसासारखं आंबट-कडसर फळ) स्वस्त, रोज रस काढायचे. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर तो चालत नाही, औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं, हे फार्मसीत सांगितलं तेव्हा कळलं. रक्त पातळ करायचं वॉरफरिन घेणाऱ्यांनीही पालेभाज्यांचे रस अचानक सुरू करू नयेत. सासूबाईंच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा, मग यंत्र पाहा.

सोलापूरहून

माझ्या आईचेही दात नाहीत. पेरू खावासा वाटायचा, मिक्सरमध्ये बिया तुटून दाताच्या जागी टोचायच्या. शेवटी पिकलेला पेरू वाफवून पुरणयंत्रातून काढला. बिया वर राहतात, गर तंतूंसकट खाली येतो. चिमूटभर काळं मीठ आणि जिरेपूड.

धागा काढणारीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. गाळलेला रस नको, मऊ फळ थोडं थोडं द्या म्हणाले. यंत्र घेत नाहीये. साताऱ्याच्या ताई, तुमचं लिहिलेलं घरी मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईही सकाळी दुधीचा रस घ्यायच्या, आवळा घालून.

आज होळीनंतर डब्यात गेलेलं पुरणयंत्र काढलं. अर्ध्या पेरूचा गर निघाला. सासूबाईंनी वाटी पुसून खाल्ली.