मदत हवी आहे : जहाजांच्या प्रदर्शनात समुद्र कसा आणू?

मंडळी, कोथरूडच्या आमच्या वाचनालयात दिवाळीनंतर मुलांसाठी मराठा आरमाराचं छोटं प्रदर्शन मांडतोय. गुराब, गलबत, मचवा या जुन्या जहाजांचे पुठ्ठ्याचे नमुने तयार आहेत. (गुराबेची डोलकाठी रोज सकाळी कललेली सापडते, ते सोडा.) अडचण वेगळीच आहे. नुसता इतिहास ऐकून पोरं 'भारी!' म्हणतील आणि बाहेर पडताना वेफर्सचं पाकीट नाल्यात टाकतील. जहाजांसोबत समुद्र आणि पाणी जपायची गोष्टही त्यांच्यापर्यंत पोचायला हवी.

स्टॉकहोमच्या संग्रहालयात १६२८ साली बुडालेलं आणि १९६१ मध्ये वर काढलेलं 'वासा' जहाज आहे. बाल्टिकचं पाणी कमी खारट, लाकूड पोखरणारा किडा तिथे टिकत नाही, म्हणून ते एवढं शाबूत राहिलं. बघा, एका जहाजातून थेट पाण्याचीच गोष्ट निघाली! तसं आपल्याकडचं काय दाखवू?

माझ्याकडे दोनच धागे आहेत. एक, नारळी पौर्णिमा आणि १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी. दुसरा, आपल्या मुठेचं पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळतं.

कोकणात मूळ घर असलेल्या कुणाकडे जुनं जाळं, होकायंत्र, आजोबांच्या आठवणी आहेत का? आठवडाभरासाठी द्याल? आणि पाचवी-सहावीच्या मुलांना हाताने करून बघता येईल असं काहीतरी सुचवा. भाषण नको.