सरकारी रुग्णालयात समानता मोजायची तर बिंदूनामावली पुरे का?

होटगी रोड:
सोलापुरात सिव्हिल म्हटलं की गावाला कळतं. अशा मोठ्या सरकारी रुग्णालयात कर्मचाऱ्यांमधल्या समानतेची चौकशी केली, की आस्थापना शाखा बिंदूनामावली पुढे करते, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, याची क्रमवार नोंद. प्रत्येक संवर्गाची (पदगटाची) वेगळी, पुण्याच्या मागासवर्ग कक्षातून तपासून आणलेली. अनुसूचित जाती 13 टक्के, जमाती 7, महिलांना 30 टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं, आरक्षण. हे सगळं हवंच. पण नामावली मंजूर पदं मोजते. सफाई ठेकेदाराकडे गेली, की ती माणसं तिच्यातून गळतात. म्हणून दरवर्षी 31 मार्चला एक तक्ता व्हावा: नियमित की कंत्राटी, स्त्री-पुरुष, प्रवर्ग, दिव्यांगत्व, आणि शेवटचा रकाना ‘प्रत्यक्ष काम’.

शंभरी बिंदू:
माझा विरोध आहे. आहे ती नामावलीच धड ठेवली जात नाही. खुल्या जागेवर गुणवत्तेने निवडलेला मागासवर्गीय उमेदवार राखीव बिंदूवर दाखवला, की एक राखीव जागा गिळली गेली. निवृत्तांची नावं वेळेत कमी होत नाहीत, मग न भरलेल्या राखीव जागांचा अनुशेष कागदावर कमी दिसतो. आधी सेवापुस्तकं आणि नामावली ओळीने ताडून घ्या. नवा तक्ता म्हणजे त्याच चुकांची दुसरी प्रत. शिवाय ठेकेदाराच्या माणसाला जात विचारली, तर उद्या तो कामावर राहील याची हमी कोण देणार?

पांढरी साडी:
जात विचारणं ऐच्छिक ठेवा, ‘सांगायचं नाही’ असा पर्याय द्या आणि फॉर्म ठेकेदाराच्या हाती जाऊ देऊ नका. गटात 5 पेक्षा कमी जण असतील तर आकडा छापू नका, नाहीतर माणूस लगेच ओळखू येतो. पण तक्ता हवा. परिचर्येत बायका भरपूर, म्हणून महिलांचा आकडा नेहमीच छान दिसतो. तो पदानुसार, खालून वर फोडा: अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), परिसेविका (सिस्टर इन्चार्ज), अधिसेविका (मेट्रन). मग वेगळा काढा वर्ग एकचा, विभागप्रमुखांचा. खरं चित्र तिथे दिसेल.

सात रस्ता:
संख्येने फसगत कशी होते बघा. सफाई कामगारांसाठीच्या लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. त्या कुटुंबांसाठी तो मोठा आधार आहे, तो काढून घ्या असं मी मुळीच म्हणत नाही. पण तक्त्यात या संवर्गात अनुसूचित जातीचं प्रमाण भरघोस दिसेल, आणि कुणीतरी त्याला प्रतिनिधित्व म्हणेल. पिढ्यानपिढ्या तोच झाडू हातात असणं ही समानता नव्हे. मोजायचं ते हे: त्यातले किती जण कक्षसेवक, लिपिक, तंत्रज्ञ झाले?

शंभरी बिंदू:
हा मुद्दा मान्य. पण ‘प्रत्यक्ष काम’ भरणार कोण? मुकादम. तो सगळ्यांपुढे ‘स्वच्छता’ लिहून मोकळा होईल.

होटगी रोड:
मुकादमाला विचारायचंच नाही. तीन महिन्यांचे ड्युटी चार्ट घ्या. संडास, शवागार, पिवळ्या पिशव्यांची (रुग्णालयातल्या जैववैद्यकीय कचऱ्याची) वाहतूक आणि कार्यालयातला केर अशा चार रकान्यांत प्रत्येकाच्या पाळ्या मोजा, रात्रपाळ्या वेगळ्या. एकाच पगाराची दोन माणसं, एकाच्या 60 पाळ्या संडासात आणि दुसऱ्याची एकही नाही, असं निघालं तर ते मेट्रनच्या बैठकीत टेबलावर ठेवता येतं. कंत्राटी माणसांसाठी हजेरीपटातले दिवस पीएफच्या चलनाशी ताडा. 26 दिवस हजर आणि पीएफ 15 दिवसांचा, ही विषमता जात न विचारताही सापडते.

पांढरी साडी:
इंग्लंडच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, 2015 पासून कर्मचाऱ्यांसाठी वंशनिहाय निर्देशक आहेत. तिथे डोकी मोजून थांबत नाहीत. छाननीत निवडलेल्यांपैकी नेमणूक कुणाची होते आणि शिस्तभंगाची कारवाई कुणावर जास्त होते, याचं गुणोत्तर काढतात. आपल्याकडे ‘कारणे दाखवा’ नोटिसांची नोंदवही असतेच. ती संवर्ग आणि प्रवर्गानुसार लावायला एक दुपार पुरते.

शंभरी बिंदू:
नोटिसांचं आणि ड्युटी चार्टचं करा, माझी हरकत नाही. कंत्राटी माणसाच्या जातीचा रकाना मात्र मी अजूनही खोडेन. त्याची नोकरी ठेकेदाराच्या शब्दावर आहे तोवर ‘ऐच्छिक’ला काही अर्थ नाही.