चिंतेच्या विकारासाठी फिजिओ, मसाज की शिरोधारा? (बजेट महिना ३०००)

ठाणेकर_७
निदान झालेलं आहे: जनरलाइज्ड अँग्झायटी. सायकियाट्रिस्टची गोळी चालू आहे, ती बंद करायची नाही. प्रश्न फक्त शरीराचा. मान-खांदे कायम ताठ, रात्री दात आवळले जातात, श्वास वरवर. हाताने करायच्या उपचारांपैकी काय घ्यावं? महिन्याला ३००० रुपये, त्यावर नाही. ठाणे-मुलुंड पट्टा.

रानवारा
शिरोधारा, डोळे झाकून. कोमट तेल, कपाळापासून चार अंगुळे वरून धार, ३० ते ४५ मिनिटं. आधी सर्वांगाला अभ्यंग हवाच. सलग ७ दिवस. एका बैठकीचे दीड हजार धरा.

हिशेबनीस
७ गुणिले १५००, म्हणजे १०,५००. धागा वाचलात का?

रानवारा
तब्येतीपुढे पैसे काय मोजायचे!

मणका
फिजिओकडे जा, पण काय मागायचं ते ठरवून जा. चिंतेत श्वास छातीने घेतला जातो, म्हणजे पोटाच्या पडद्याचं काम मानेचे स्नायू करत बसतात: स्केलीन, स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड, वरचा ट्रॅपिझियस. श्वास न बदलता ते नुसते रगडले तर दोन दिवसांत मान पुन्हा दगड.
मागा ते असं. पाठीवर झोपवून कवटीच्या मागच्या खालच्या कडेला बोटांची टोकं टेकवायची, डोक्याचा भार त्यांच्यावर सोडायचा, २-३ मिनिटं. दाबायचं नाही, थांबायचं. मग मॅसेटर, म्हणजे गालातला चावायचा स्नायू: ग्लोव्ह घालून अंगठा गालाच्या आत, बोटं बाहेर, हलकी पकड. शेवटी पोटावर हात ठेवून श्वास, ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, १० मिनिटं.
मशीन लावून २० मिनिटं एकटं सोडून देत असतील तर दुसरं क्लिनिक बघा. राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, सांगायला लाजत नाहीत खरे लोक.

गॅजेटगुरू
कशाला चकरा? मसाज खुर्ची घ्या एकदाच. दीड-दोन लाखांत उत्तम येते, आमच्याकडची फर्स्टक्लास आहे. नाहीतर मसाज गन, हातात धरून स्नायूंवर ठोके मारायचं यंत्र.

हिशेबनीस
😐

मणका
गन मानेच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर अजिबात नको. तिथे कॅरोटिड धमनी आहे, दाब पडला तर नाडी मंदावून भोवळ येते.

तिळाचं_तेल
अभ्यंगाला तिळाचंच तेल.

नारळीपौर्णिमा
ठाण्याच्या मे महिन्यात तिळाचं? खोबरेल घ्या हो.

तिळाचं_तेल
शास्त्र ऋतू बघतं तसं प्रकृतीही बघतं. चिंता म्हणजे वात वाढलेला. खोबरेल थंड.

चष्मा_क्र_२
तेलाचं नंतर भांडा. २०१० साली सिएटलमध्ये याच विकारावर चाचणी झाली. एका गटाला मालिश, दुसऱ्याच्या हातापायांना गरम शेक, तिसऱ्याला नुसती शांत खोलीत संगीत लावून विश्रांती. १२ आठवड्यांत १० बैठका. तिन्ही गटांची चिंता कमी झाली, मालिश काही पुढे गेली नाही. उलट २०१६ मध्ये एमरी विद्यापीठाच्या चाचणीत स्वीडिश मालिश हलक्या स्पर्शापेक्षा सरस ठरली: ४५ मिनिटं, आठवड्यातून दोनदा, ६ आठवडे. म्हणजे महिन्याला आठेक बैठका. तुमच्या ३००० मध्ये एकीला पावणेचारशे. ठाण्यात मिळाली तर मलाही कळवा.

रानवारा
स्पर्श तो स्पर्श. शिरोधारा +१.

सावध_मोहरा
स्वतःलाच +१? असो. कुणीच न सांगितलेलं सांगतो. पालथं झोपवून तोंड टेबलच्या भोकात घातलं की चिंतेच्या माणसाला गुदमरल्यासारखं होतं आणि बैठक तिथेच बोंबलते. कुशीवर झोपून किंवा खुर्चीत बसून करून घ्या. 'थांबा' म्हटलं की थांबायचं, हे आधीच ठरवा. मान कटकन मोडणाऱ्यांपासून लांब राहा, क्वचित का होईना मणक्यालगतची धमनी फाटते. रक्त पातळ करायची गोळी असेल तर जोराची मालिश नको. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर हात न लावता आधी डॉक्टर, आत गुठळी असू शकते.
आणि १० बैठकांचे पैसे आगाऊ भरू नका. निम्म्या वाया जातात, परतावा मागितला की कुणी फोन उचलत नाही.

मणका
पालथं झोपण्याबद्दल सहमत. श्वासाचं मात्र मी आधीच लिहिलंय, ते करा.

ठाणेकर_७
सगळ्यांचे आभार. सिएटलमध्ये शेकवाल्यांनाही तेवढंच बरं वाटलं असेल तर मी रबरी पिशवी घेतोय. रोज रात्री खांद्यांना शेक, सोबत मणका यांचा ४-६ श्वास. उरलेले पैसे काउन्सेलरकडे.

रानवारा
म्हणजे आम्ही उगाच टंकत बसलो.

सावध_मोहरा
पिशवीत उकळतं पाणी नको. दोन तृतीयांश भरा, हवा दाबून काढा, मग बूच. टॉवेलमध्ये गुंडाळून १५-२० मिनिटं, आणि ती घेऊन झोपू नका. रबराला चिरा दिसल्या की फेका.

नारळीपौर्णिमा
शेकाआधी खांद्यांना थोडं खोबरेल लावलं तर?

तिळाचं_तेल
तिळाचं.