हेलिओट्रोप कोल्हापुरात जगतंय का?

गच्चीवरची_माती:
राजारामपुरीत गच्चीवर बाग आहे माझी, मोगरा रातराणी सगळं झालं, आता हेलिओट्रोपचं खूळ डोक्यात बसलंय, जांभळे झुपके आणि वास म्हणे व्हॅनिलासारखा. ऑनलाइन बी मागवलं, कुंडीत इंचभर खाली पेरलं, तीन आठवडे झाले काहीच नाही. त्याआधी जूनमधी एक तयार रोप आणलं होतं ते जुलैच्या पावसात काळं पडून गेलं. कुणी लावलंय का?

कळंबेकर:
इंचभर खाली?? अहो बी मोहरीपेक्षा बारीक असतंय, त्याला उगवायला उजेड लागतो. वर नुसतं भुरभुरायचं, हातानं हलकं दाबायचं आणि स्प्रेनं पाणी, मग दोन ते चार आठवडे दम धरायचा. आणि आत्ता नको, गणपती गेल्यावर पेरा.

रंकाळा_वॉकर:
पाऊस हाच खरा घोळ आहे बघा. मूळचं पेरूचं झाड (फळ नव्हे, देश!), थंडीत जिथं बर्फ गोठत नाही तिथं वर्षानुवर्षं जगतंय, पण मुळाशी पाणी साचलं की संपलं. आपली काळी माती तर अजिबात नको. मी लाल माती, शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडी वाळू घालतो, पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली. सकाळचं ऊन द्या, एप्रिल-मेमधी दुपारी सावली, आणि माती पार कोरडी पण पडू देऊ नका, पानांच्या कडा लगेच करपतात. शेंडे खुडत राहिलं की फुटवा चांगला येतो.

फुलवेडी_काकू:
बियांच्या रोपांत वासाचं काही खरं नसतं हो, एक घमघमतं आणि शेजारचं नुसतं शोभेला. माझ्या सहातली दोनच वासाची निघाली. म्हणून फुलल्यावर नाक लावून बघायचं आणि चांगल्याच्या कोवळ्या फांद्या तीन-चार इंचाच्या कापून लावायच्या, तोच वास पुढं येतो.

बांधावरचा:
आमच्या रानात भुरुंडी उगवते ना, सोंडेसारखा वळलेला तुरा असतो ती, ती याचीच भावकी. फुलपाखरं लई येतात. पण दोन्ही विषारी, लिव्हरवर जातंय, शेळी नि बारकी पोरं लांब ठेवा.

गच्चीवरची_माती:
म्हणजे मी बी पेरलं नाही, पुरलं! काकू, दसऱ्यापर्यंत एक फांदी राखून ठेवा की, कुंडी घेऊन येतो.