वेलर्समध्ये नेमकं कोण कोण होतं?

नवाश्रोता:
वेलर्स या जमैकाच्या रेगे बँडची साठच्या दशकातली गाणी ऐकली आणि लगेच १९७७ चा एक्सोडस अल्बम लावला, तर वाटलं हे दोन वेगळेच बँड आहेत. फोटोतही बॉब मार्ली सोडला तर ओळखीचं कोणीच नाही. बाकीचे गेले कुठे, भांडणं झाली का?

ट्रेंचटाऊन६३:
दोन बँड धरलेस तरी चालेल. १९६३ ला किंग्स्टनच्या ट्रेंचटाऊनमध्ये जमले ते गाणारे होते, मार्ली, पीटर टॉश, बनी लिव्हिंग्स्टन, ज्युनियर ब्रेथवेट आणि बेव्हर्ली केल्सो, चेरी स्मिथ या दोन मुली. गायक जो हिग्जने त्यांच्याकडून हार्मनी घोटून घेतली, वाद्यं स्टुडिओ वन या रेकॉर्डिंग स्टुडिओचे वादक वाजवायचे. ब्रेथवेट ६४ लाच अमेरिकेला गेला, ६६ पर्यंत तिघंच उरले. मग ७० च्या आसपास निर्माता ली पेरीच्या अपसेटर्स बँडमधले बॅरेट बंधू आले, अ‍ॅस्टन बेसवर आणि कार्लटन ड्रम्सवर, आणि मार्ली १९८१ ला वारेपर्यंत हे दोघं हललेच नाहीत.

हार्मनीवेडा:
नुसतं भांडण म्हणणं बरोबर नाही. १९७३ ला कॅच अ फायर आणि बर्निन हे अल्बम आले, पण इंग्लंडच्या दौऱ्यानंतर बनीने पुढे फिरायला चक्क नकार दिला. अमेरिकेत त्याच्या जागी कोण गायलं माहितीये? जो हिग्ज, म्हणजे ज्यांनी शिकवलं तेच! ७४ ला टॉशही बाहेर पडला, नाव मार्लीचंच पुढे केलं जातंय हे त्याला खुपत होतं आणि मला त्यात त्याचं काही चुकलं असं वाटत नाही, गेट अप स्टँड अप दोघांनी मिळून लिहिलेलं. नंतर रीटा मार्ली, मार्शिया ग्रिफिथ्स, ज्युडी मोवॅट म्हणजे आय-थ्रीज आल्या, गिटारवर अ‍ॅल अँडरसन, एक्सोडसपासून ज्युनियर मार्विन. छानच गातात तिघी, पण त्या तीन पुरुषी आवाजांची गुंफण पुन्हा नाही मिळाली.

रिमशॉट:
गाणाऱ्यांबद्दल सगळे बोलतात म्हणून ड्रम्सचं सांगतो. हेडफोन लावून सर्व्हायव्हल अल्बममधलं वन ड्रॉप हे गाणं ऐक, एक-दोन-तीन-चार मोजत. एकवर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) येतच नाही, तिथे रिकामं सोडलंय, किक आणि स्नेअर या हाताने वाजवायच्या ड्रमच्या काठावरचा ठोका दोन्ही एकदम तीनवर पडतात. हा कार्लटनचा हात. १९८७ च्या एप्रिलमध्ये किंग्स्टनला त्याचा खून झाला आणि सप्टेंबरमध्ये टॉशचा, एकाच वर्षात दोघं. बनी २०२१ ला गेला, अ‍ॅस्टन २०२४ च्या फेब्रुवारीत. आता त्याचा मुलगा वेलर्स चालवतो.

नवाश्रोता:
मोजून ऐकलं, तीनवरच पडतोय! आता बर्निन पहिल्यापासून लावतोय, तिघांचे आवाज वेगळे ओळखता येतात का बघतो.