प्रति: गिरक्यांच्या मुद्रांची नावे
फिगर स्केटिंगमध्ये, म्हणजे बर्फावरच्या कलात्मक स्केटिंगमध्ये, गिरकीच्या मुद्रेला ती प्रथम करणाऱ्याचे नाव मिळते, असे विधान येथे कोणी केले आहे; ते मला अर्धेच पटते. बीलमन गिरकीत मोकळा पाय पाठीमागून उचलून त्याच्या बुटाचे पाते दोन्ही हातांनी डोक्याच्याही वर धरतात. तिला १९८१ ची विश्वविजेती स्विस स्केटर डेनिस बीलमन हिचे नाव मिळाले खरे, परंतु सोव्हिएत संघाच्या तमारा मोस्क्विना यांनी ती १९६० च्या दशकातच करून दाखवली होती. म्हणजे नाव टिकले ते गाजवणारीचे.

शिवाय भाषा बदलली की नावामागचे चित्रही बदलते. इंग्रजीत जी ‘कॅमल’, तीच जर्मनमध्ये ‘वागेपिरुएट’, म्हणजे तराजूची गिरकी. धड आणि मागे ताणलेला पाय बर्फाला समांतर ठेवणाऱ्या त्या आकृतीला तराजूची दांडी शोभते. उंट मला तीत अजून दिसलेला नाही. ‘सिट स्पिन’ला, म्हणजे बैठ्या गिरकीला, रशियन लोक ‘वोल्चोक’ म्हणतात, आणि वोल्चोक म्हणजे चक्क आपला भोवरा. नियमांना मात्र या उपमांशी कर्तव्य नाही. बैठी गिरकी ग्राह्य धरली जाण्यासाठी टेकलेल्या पायाची मांडी निदान बर्फाला समांतर येईल इतके खाली जावेच लागते.